लाइव्हजर्नलवरची जुनी नोंदवही प्रतिक्रियांसकट कशी हलवायची?

शेवंती
लाइव्हजर्नल या ब्लॉग-साइटवर माझ्या २००४ ते २०११ मधल्या मराठी नोंदी आहेत, निम्म्या 'फक्त मित्रांसाठी'. वर्डप्रेसवर न्यायच्या आहेत. लाइव्हजर्नलच्या एक्स्पोर्ट पानावर एकेका महिन्याचीच फाइल मिळते आणि तीत प्रतिक्रिया नसतातच. दुसरा काही मार्ग?

आडवाट
वर्डप्रेसमध्ये टूल्स, मग इम्पोर्ट, तिथे लाइव्हजर्नल निवडा. नोंदी आणि प्रतिक्रिया दोन्ही येतात. मात्र संरक्षित नोंदींसाठी पासवर्डचा वेगळा रकाना आहे, तो न चुकता भरा. रिकामा सोडलात तर कुलूपबंद नोंदीही सरसकट जाहीर होतात! भरलात तरी सगळ्यांना एकच पासवर्ड. घरच्यांसाठी एक गट, ऑफिसातल्यांसाठी दुसरा, ही वाटणी तिथे उरत नाही. शिवाय सेटिंग्ज, डिस्कशनमध्ये उत्तर-प्रत्युत्तरांच्या पायऱ्या मुळात ५ असतात, फार तर १० करता येतात. लाइव्हजर्नलवरचे वाद त्याहून खोल गेलेले असायचे.

कोरा कागद
म्हणूनच मी आधी ड्रीमविड्थ सुचवेन. लाइव्हजर्नलच्याच खुल्या कोडवर उभी असलेली ही साइट २००९ मध्ये लोकांसाठी खुली झाली, त्यामुळे कुलपं, मित्रगट, टॅग, आयकॉन हे सगळं तिला ओळखीचं आहे. खातं उघडा, इम्पोर्टरमध्ये लाइव्हजर्नलचं नाव-पासवर्ड द्या, काय काय आणायचं त्यावर खुणा करा. काम रांगेत लागतं. तासाभरात काही दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. प्रतिक्रिया देणारे ओपनआयडी (दुसऱ्या साइटवरच्या खात्याची ओळख) नावांनी दिसतील, ते बरोबरच आहे. लाइव्हजर्नलवर चढवलेली चित्रं मात्र तिथेच राहतात, नोंदीत नुसता दुवा येतो. ती हातानेच उतरवा.

शेवंती
लाइव्हजर्नलचे मालक बदलल्याने कुलूपबंद नोंदींना खरंच काही धोका आहे, की उगाच बाऊ?

आडवाट
'फक्त मित्रांसाठी' म्हणजे एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करून ठेवणं) नव्हे. ते इतर सदस्यांपुरतं कुलूप; सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याला मजकूर वाचता येतो. जानेवारी २००५ मध्ये सिक्स अपार्ट कंपनीने साइट घेतली, मे २००७ मध्ये सुमारे ५०० खाती एकदम निलंबित केली, डिसेंबर २००७ मध्ये ती रशियाच्या 'सुप' कंपनीला विकली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्व्हर रशियात गेले. एप्रिल २०१७ च्या नव्या सदस्य-करारात तर रशियन मजकूरच बंधनकारक, इंग्रजी भाषांतर केवळ माहितीसाठी. माझ्या मते जाहिराती वगैरे किरकोळ. सर्व्हर दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली गेला, ही खरी गोष्ट.

कोरा कागद
एक प्रत स्वतःच्या संगणकावरही असू द्या. एलजेडम्प ही पायथॉन स्क्रिप्ट नोंदी आणि प्रतिक्रिया एक्सएमएल फाइलींमध्ये उतरवते. पुन्हा चालवली की फक्त नवं तेवढंच आणते. आणि एक्स्पोर्ट पानावरून महिनेवारी सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) घेतलीत तर एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडू नका, देवनागरीचा कचरा दिसतो. डेटा टॅबमधून टेक्स्ट फाइल म्हणून आत घ्या, एन्कोडिंग ६५००१ (यूटीएफ-८) ठेवा. जुनं खातं पुसण्याआधी नव्या जागी कुलूपबंद नोंदीचा दुवा लॉगआउट होऊन उघडून बघा, कुलूप टिकलंय ना ते कळेल.