अल्सरनंतर सासऱ्यांना जेवायला काय द्यावं? भात बघूनच ताट सारतायत

कोरेगावची_सून:
आमच्या आबांना म्हणजे सासऱ्यांना पोटात अल्सर निघालाय. गुडघ्यासाठी मेडिकलमधनं पेनकिलर आणून रोज खायचे, त्यातनंच झालं असं एंडोस्कोपी करून साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले. आता घरी आणलंय. तिखट-तेलकट बंद, हलकं द्या म्हणून सांगितलंय, पण हलकं म्हणजे काय काय? मऊ भात नि वरणाचं पाणी देतीय तर ताट बाजूला सारतात, जन्मभर कांदा-लसूण मसाल्याचं कालवण आणि भाकरी खाल्लेला माणूस, त्यांचं तरी काय चुकलं. वजन उतरलंय, लई काळजी वाटतीय. शेजारच्या काकू म्हणतात नुसत्या दुधावर ठेव. ठेवू का? आणि भाकरी चालेल का?

तासगावकर_ताई:
भाकरी द्या की. ताजी, पातळ थापलेली, मुगाच्या वरणात कुस्करायची आणि जरा वेळ झाकून ठेवायची, लोण्यासारखी मऊ होते. मसाला बंद म्हणजे फोडणी बंद असं नाही हो, चमचाभर तुपात जिरं, हळद, चिमूट हिंग, वरनं धनेपूड नि भरपूर कोथिंबीर, वास आला की माणूस आपसूक ताटावर येतो. दुधी, दोडका, लाल भोपळा साल काढून डाळीतच शिजवा. उकडलेलं अंडं खात असतील तर द्या, अंगात ताकद यायला पाहिजे. आणि एकदम ताट भरून वाढू नका, दिवसातनं पाच-सहा वेळा थोडं थोडं.

मिरज_सिस्टर:
नुसत्या दुधावर अजिबात ठेवू नका. दूध प्यायलं की घटकाभर बरं वाटतं पण नंतर पोट जास्तच ॲसिड सोडतं. कपभर चालतंय. तिखटानं अल्सर होत नाही, पण जखम ओली आहे तोवर झोंबतं म्हणून टाळायचं. जखम भरते ती गोळीनं, पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) दिली असेल तर जेवणाआधी अर्धा तास द्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. एच पायलोरी म्हणजे पोटात अल्सर करणारा जंतू, त्याची तपासणी झाली का ते रिपोर्टमधे बघा. हा जंतू मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८२ साली शोधला, २००५ ला नोबेल मिळालं त्यांना. तो निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स असतो, बहुतेक १४ दिवसांचा. गुडघ्याची ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय परत नको. आबा तंबाखू खातात का? आणि शी काळीकुट्ट चिकट झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

कोरेगावची_सून:
तंबाखू आहे हो ताई, चंची उशाशीच असते. रिपोर्ट आज काढून बघते. आंबील मागतायत, देऊ?

मिरज_सिस्टर:
चंची काढून घ्या, तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो. हे त्यांच्या लेकाला बोलायला लावा, सुनेचं ऐकणार नाहीत.

तासगावकर_ताई:
आंबील आंबट, आत्ता थांबा. ज्वारीचं पीठ न आंबवता पेज करा, जिरं-मीठ टाकून, कोमट द्या.