तेलकट, मुरुमं येणाऱ्या त्वचेसाठी घरी फेसवॉश करायचा आहे, कृती सुचवा

ओलीपायवाट
नमस्कार. माझा चेहरा बारा महिने तेलकट. सकाळी धुतला की दोन तासांत नाक-कपाळ चकाकायला लागतं, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मुरुमं. डॉक्टरांनी रात्री लावायला अडापलीन (मुरुमांचं औषध) दिलंय, ते नियमित चालू आहे. अडचण फक्त फेसवॉशची. वासाच्या फेसवॉशने आग होते आणि ‘सौम्य’ म्हणून आणलेल्याने सनस्क्रीन निघत नाही. म्हणून घरी करून बघणार आहे. वास नको, पातळ हवा, पंपाच्या बाटलीत भरता आला पाहिजे. एरवी फेसवॉशच्या तीन ट्यूबना लागतात तेवढेच पैसे घालायचेत, वजनकाटा धरून. लेप-उटणी नकोत. ज्यांनी स्वतः केलाय त्यांनी प्रमाणासकट लिहा, प्लीज.

चाफेकळी
अगं इतका खटाटोप कशाला? खायचा सोडा आणि लिंबाचा रस. मी वर्षभर वापरला, तेलाचा टिपूस राहत नाही चेहऱ्यावर. त्वचा कशी करकरीत होते!

वजनकाटा
चाफेकळी, करकरीत लागणं हीच धोक्याची खूण आहे हो. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साधारण ५ च्या आसपास. त्या आम्ल थराला नाव मिळालं १९२८ मध्ये, म्हणजे ही गोष्ट काही नवी नाही. सोड्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. शिवाय लिंबाचा अंश त्वचेवर राहिला आणि ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग उठतात. मी माझ्या हातावर बघितलेत, जायला दोन महिने लागले.

ओलीपायवाट, मी चार वर्षं हा वापरतोय. १०० ग्रॅमसाठी:
डिस्टिल्ड वॉटर ६९, कोको बीटेन (कोकामिडोप्रोपिल बीटेन) १५, डेसिल ग्लुकोसाइड १० (ही दोन्ही स्वच्छ करणारी, फेस आणणारी), ग्लिसरीन ४, झँथन गम ०.८ (दाटपणासाठी), डायसोडियम ईडीटीए ०.२ (पाण्यातले धातूचे अंश बांधून ठेवायला), प्रिझर्व्हेटिव्ह १ (फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं तयार मिश्रण).

गम आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या, थेट पाण्यात टाकलात तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या दुसऱ्या दिवसापर्यंत विरघळत नाहीत. मग त्यात ईडीटीए विरघळवलेलं पाणी. बीटेन आणि ग्लुकोसाइड शेवटी, चमच्याने हळूहळू. घुसळलंत तर नुसता फेस. बीटेनमध्ये स्वच्छ करणारा भाग साधारण ३०%, ग्लुकोसाइडमध्ये ५०%. म्हणजे आपल्या मिश्रणात ९.५% झाला. चेहऱ्याला एवढा पुरतो.

ग्लुकोसाइड मुळात खूप अल्कधर्मी, पीएच ११-१२. त्यामुळे सायट्रिक आम्लाचं द्रावण थेंबाथेंबाने घालून ५ ते ५.५ वर आणावंच लागतं. ही पायरी गाळू नका.

गवतफूल
वजनकाटा यांना +१. फक्त कागदी पट्ट्यांवर जाऊ नका, सरळ पीएच मीटर घ्या. मी मीटर, छोटा स्टिक ब्लेंडर आणि ०.०१ ग्रॅमचा काटा घेतला, तेव्हा कुठे माझ्या बॅचेस सारख्या यायला लागल्या. चांगल्या वस्तूंवर पैसे घालायला मागेपुढे बघू नये.

ओलीपायवाट
गवतफूल, खर्चाची मर्यादा लिहिली आहे वर. मीटर आत्ता शक्य नाही.

गवतफूल
मग थोडं थांबून घ्या. अर्धवट साधनांनी केलेलं वाया जातं, अनुभवाने सांगते.

शांतपाणी
बीटेनपासून सावध! माझ्या पापण्या सोलवटल्या होत्या. पॅच टेस्ट (त्वचेवर पदार्थ लावून अ‍ॅलर्जी शोधायची चाचणी) केली तर बीटेनच निघालं. २००४ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. नुसतं ग्लुकोसाइड घ्या, एकदम निर्धोक.

टिपकागद
निर्धोक कसं? त्याच संस्थेने २०१७ मध्ये अल्किल ग्लुकोसाइड्सना तोच किताब दिला. डेसिल ग्लुकोसाइड त्यातलंच.

शांतपाणी
माझ्या त्वचेला चालतंय दोन वर्षं.

टिपकागद
तुमच्या त्वचेला चालतंय ते चांगलंच आहे. पण त्यांना ‘एकदम निर्धोक’ सांगू नका एवढंच म्हणणं.

वजनकाटा
दोघांचंही खरं आहे. अशा याद्या त्वचारोगतज्ज्ञांचं लक्ष वेधण्यासाठी असतात, पदार्थ सगळ्यांना वर्ज्य आहे असा त्याचा अर्थ नाही. कोपराच्या आत रोज लावून धुवा, आठवडाभर बघा, मग चेहऱ्याकडे वळा.

दुपारचंऊन
मी प्रिझर्व्हेटिव्ह घालत नाही, ई जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सूल फोडते. तेही टिकवतंच की. उगाच जास्तीचं रसायन कशाला?

टिपकागद
ई जीवनसत्त्व तेल खवट होऊ देत नाही. जंतूंवर त्याचा काही परिणाम नाही.
मीही एकदा विना-प्रिझर्व्हेटिव्ह केला होता. तीन आठवड्यांनी बाटली उजेडात धरली तर तळाशी कापसाच्या तंतूसारखं काहीतरी तरंगत होतं. वास अजिबात नव्हता, म्हणून आदल्या रात्रीपर्यंत चेहऱ्याला चोळत होते. गालावर पिवळ्या डोक्याचे फोड आले, अँटिबायोटिक घ्यावं लागलं. फुटलेल्या मुरुमांची त्वचा म्हणजे उघडी जखम. पाणी असलेल्या कुठल्याही गोष्टीत प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, यात मला वादही नको वाटतो.

दुपारचंऊन
मी फ्रिजमध्ये ठेवते, मला असं कधीच झालं नाही.

रानजाई
सगळे रसायनांवर का आलेत? कॅस्टील सोप (वनस्पती तेलाचा साबण) पातळ करा, त्यात टी ट्री ऑइलचे दहा थेंब. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये अभ्यास झालाय, ५% टी ट्री मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांच्या औषधासारखं काम करतं.

वजनकाटा
अभ्यास खरा आहे, १२४ रुग्णांचा. पण ते लावून ठेवायचं जेल होतं, धुऊन टाकायचा फेसवॉश नव्हता. आणि टी ट्रीचा असर उशिरा दिसला, हेही त्यातच आहे. दहा थेंब पाण्यात मिसळतही नाहीत, वर तरंगतात आणि एका पंपात सगळं तेल येतं. बाटली जुनी झाली की तेल ऑक्सिडाइज होऊन अ‍ॅलर्जीचा धोका वाढतो. त्यांना वास नकोय, हे वेगळंच.

गवतफूल
कॅस्टील सोपचा पीएच ९-१० असतो. मी तो खाली आणायला सायट्रिक आम्ल घातलं, तर डोळ्यांदेखत दूध नासल्यासारखं झालं. वर पांढरे चिकट गोळे, खाली गढूळ पाणी. साबण आम्लात फुटतो, त्यातली फॅटी आम्लं सुटी होतात. अख्खा लिटर ओतून दिला. म्हणूनच म्हणते, मीटर घ्या.

एकसर
धागा वाचतोय. मुरुमांसाठी यात सॅलिसिलिक आम्ल २% घालता येईल का? अ‍ॅस्पिरिन कुटून घातली तर चालेल?

वजनकाटा
अ‍ॅस्पिरिन नको. ते अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल आहे, वेगळा पदार्थ. आणि शुद्ध सॅलिसिलिकही पाण्यात विरघळता विरघळत नाही, १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ०.२ ग्रॅम. प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून घातलं तरी पाण्यात गेल्यावर पुन्हा सुईसारखे कण धरतात. हे एक उत्पादन विकतच घ्यावं असं माझं स्पष्ट मत. शिवाय ओलीपायवाट अडापलीन लावतात, त्यात याची भर नको.

चाफेकळी
मी तरी सांगते, लिंबाने माझं तेल कमी झालं.

टिपकागद
चाफेकळी, तेल किती सुटणार हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात. फेसवॉश वरचं तेल काढतो, ग्रंथी कमी करत नाही. म्हणून दिवसातून दोनदा धुणं पुरे.

ओलीपायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचून काढलं. मी पातळ फेसवॉशचा नाद सोडतेय. टिपकागद यांच्या बाटलीतले तंतू डोळ्यांसमोरून जात नाहीयेत, आणि ग्लुकोसाइडचा पीएच पट्ट्यांवर नेमका साधेल याची मला खात्री नाही. त्यापेक्षा कोरडी पूड करते. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट (स्वच्छ करणारी, फेस आणणारी पूड) १५ ग्रॅम, पांढरं केओलिन (बारीक माती) ३५ ग्रॅम. पाणीच नाही म्हणजे जंतू वाढायला वाव नाही. ०.१ ग्रॅमचा काटा आणि दोन्ही पदार्थ मिळून ठरवलेल्या खर्चात बसतंय.

वजनकाटा
मी असतो तर पातळच केला असता. मास्क लावा. ती आयसेथिओनेटची पूड हवेत उडते, नाकाघशात जाते, तासभर खोकला थांबत नाही. आणि माती चोळू नका, अडापलीनने त्वचा आधीच पातळ वाटत असते.

गवतफूल
पूड पंपात भरता येणार नाही, ही तुमचीच अट होती ना?

ओलीपायवाट
हो, ती अट मीच मागे घेतली.
आज बारा दिवस झाले, म्हणून लिहितेय. मास्क लावून, पंखा बंद करून, झाकणाच्या डब्यात दोन्ही पुडी हलवल्या आणि धूळ बसेपर्यंत झाकण उघडलं नाही. बारीक भोकांच्या झाकणाच्या बाटलीत भरलंय, म्हणजे ओली बोटं आत जात नाहीत. ओल्या तळव्यावर पाव चमचा, थोडं पाणी, तळहातावरच दाट पांढरा फेस करून मग चेहऱ्यावर. सनस्क्रीन निघतं, आग नाही. तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांशेजारी कोरडं पडून सोललं, तेव्हापासून सकाळी नुसत्या पाण्याने धुते आणि हे फक्त रात्री. मुरुमं आहेत तेवढीच आहेत, ती अडापलीनवर सोपवली आहेत.

टिपकागद
कालवल्यावर पीएच बघितलात का?

ओलीपायवाट
हो, पट्टी ५ आणि ६ च्या मधला रंग दाखवते.

दुपारचंऊन
यात ई जीवनसत्त्व घालून बघा ना.