१७ सप्टेंबरचं पुण्यातल्या माणसाला कसं समजावून सांगायचं?

परभणीकर_पुण्यात

राम राम मंडळी. मी परभणीचा, नोकरीमुळं सध्या पुण्यात. परवा डबा खाताना गावच्या ग्रुपवर शाळेतल्या झेंडावंदनाचा फोटो आला, सहज शेजारच्याला दाखवला तर म्हणतो कसा, "अरे पंधरा ऑगस्ट होऊन महिना झाला की." म्हणलं आमच्याकडं दोनदा असतंय, मुक्तिसंग्राम दिन असतो १७ सप्टेंबरला. तर त्यानं विचारलं, "मग मधले तेरा महिने तुम्ही कुठल्या देशात होता?" आता काय सांगणार, शाळेत निझाम, रझाकार, सरदार पटेल एवढंच पाठ केलेलं, पुढचं कुणी शिकवलंच नाही. आणि दुसरं असं की मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, बिनशर्त आला हे लहानपणापासून ऐकायलो, ते खरं आहे का नुसतं भाषणात म्हणायचं असतंय? जाणत्यांनी सांगावं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं फॉरवर्ड नको.

जुनं_दप्तर

तुमच्या मित्राचा प्रश्न बरोबर आहे, हसण्यावारी नेऊ नका. तेव्हा मराठवाडा निझामाच्या हैदराबाद राज्यात. कागदावर पाहिलं तर निझामाचं म्हणणं होतं की इंग्रज गेले, आता मी मोकळा. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारशी एक वर्षाचा जैसे थे करार केला, तिकडं संयुक्त राष्ट्रांकडं तक्रारही नेली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूनं फौजा नळदुर्गात शिरल्या आणि १७ तारखेला सगळं आटोपलं. इथवर सगळ्यांना माहीत असतंय. पण २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला तेव्हा हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा, कोण होता माहितंय का? तोच निझाम! १९५६ पर्यंत. ज्याच्या विरोधात लोक जेलात गेले त्याचाच फोटो कचेरीत.

मी तीस वर्षं वकिलाकडं कारकुनी केली म्हणून सांगतो, विलीनीकरण एका दिवसात होत नसतंय. आमचे आजोबा कळंबकडचे, माल घेऊन बार्शीला जायचे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे निझामाची जकात, तिथं गाडी थांबवून पोती टोचून बघायचे. मुलूख बदलला की पैसा बदलायचा. आपला हाली रुपया, तिकडं कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशोब आजोबा म्हातारपणीही बोटावर करून दाखवायचे आणि वर म्हणायचे, सातवा रुपया वेशीवरच मरायचा. पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे ती १९४८ ची फौजी कारवाई, झाल्यावरही हाली काही वर्षं चाललाच.

आणि कायद्याचं म्हणाल तर आज तुम्ही तहसीलला कुळाचं मॅटर घेऊन गेलात तर हैदराबाद कूळवहिवाट कायदा १९५० निघतो. पुणे-सातारा-नाशकाला मुंबईचा १९४८ चा, विदर्भाला १९५८ चा वेगळाच. एकच राज्य, एकच सातबारा, कुळाचे कायदे तीन. मागं एका पक्षकाराला घेऊन एका ऑफिसात गेलो तर पुण्याकडून बदलून आलेला साहेब मला विचारतो त्या हैदराबाद कायद्यातलं कलम ३८-ई काय प्रकरण आहे. म्हणलं साहेब बसा, चहा मागवतो, वेळ लागंल.

नळदुर्गवाला

दप्तर काकांनी चांगलं लिहिलं, एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. आमच्या गल्लीत जुनी माणसं वर्ष सांगायची ती दोन तऱ्हेनं. शेजारची आत्याबाई म्हणायची "रझाकारीत मी पाळण्यात होते", आणि माझी दादी म्हणायची "अ‍ॅक्शनच्या साली मेरा निकाह हुआ". साल एकच. पण तिच्या घरात रझाकारीची भीती, आमच्या घरात अ‍ॅक्शननंतरची. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी वकिली करायचा लातूरला, म्हणजे घरचाच, त्याच्या पोरांनी गावं लुटली, माणसं मारली, हे आमच्याकडं कुणी नाकारत नाही. पण फौजा आल्यावर ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्याही घरावर लोक चालून आले. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सगळ्यात जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड धरले. तो अहवाल किती वर्षं दाबून ठेवलेला. आणि उलट बाजूनं हेही सांगा की 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी मारलं ते भारतात सामील व्हा असं लिहिल्याबद्दल. दादी झेंडावंदनाला जायची बरं का, पोरांना नवे कपडे घालून. फक्त त्या दिवशी संध्याकाळी लवकर दार लावून घ्यायची, का ते कधी सांगितलं नाही.

बालाघाटी

बिनशर्तवर मी बोलतो कारण ह्या शब्दाचा लई बाऊ झालाय. अर्धं खरं आहे. हैदराबाद राज्यात १६ जिल्हे, ८ तेलंगणाचे, ५ आपले, ३ कानडी. नेहरूंना हे राज्य मोडायचं मनात नव्हतं, मोडा आणि भाषेप्रमाणं वाटा असं लावून धरणाऱ्यांत मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ पुढं होते. म्हणजे आपल्याला कुणी ओढून नेलं नाही, आपणच मागून घेतलं. १ नोव्हेंबर १९५६ ला पाचही जिल्हे द्विभाषिक मुंबईत गेले, गुजराती पण त्यातच, १ मे १९६० ला महाराष्ट्र.

पण त्याच्या आधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झालेला ना! त्यात लिहिलेलं की विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, पैसा, शिक्षणाच्या जागा देऊ, आणि अधिवेशन नागपूरला भरवू. अधिवेशन भरतंय दर हिवाळ्याला, त्याला हुरडा-संत्री सगळं असतंय. बाकीचं प्रमाण शोधत बसा. राज्यघटनेत वेगळ्या विकास मंडळांची सोय करणारं कलम ३७१(२) आलं १९५६ ला, दांडेकर समितीनं अनुशेष मोजला १९८४ ला, वैधानिक विकास मंडळ मिळालं १९९४ ला. अडतीस वर्षं! आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली ती संपलीच. मग बिनशर्त कसं म्हणायचं, अटी होत्या की, नुसत्या पाळायच्या नव्हत्या.

रेल्वेचं तर बोलूच नका. निझामाची मीटरगेज मनमाडला येऊन संपायची, बोचकी डोक्यावर घेऊन गाडी बदलायची, मुंबई तिथून पुढं. रूळ रुंद झाले पण नांदेड डिव्हिजन अजूनही दक्षिण मध्य रेल्वेतच आहे, हेडऑफिस सिकंदराबाद. राज्य मोडून इतकी वर्षं झाली, रेल्वेला कुणी कळवलं नाही वाटतं.

लातूरची_लेक

बालाघाटी दादा, सगळं मान्य, पण एक विचारू का. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोक चव्हाण, चार मुख्यमंत्री आपल्याच भागातले झाले. दरवेळी पुण्या-मुंबईच्या नावानं बोटं मोडायची आणि आपल्या माणसांना हार घालायचे, हे कसं जमतं? माझ्या माहेरी उन्हाळ्यात टँकर येतो, तो पाठवणारा आणि थांबवणारा दोघं आमच्याच तालुक्यातले आहेत.

बालाघाटी

ताई, दुखत्या जागी बोट ठेवलं. शंकररावांनी जायकवाडी धरण पूर्ण करून घेतलं हे मात्र सोडू नका. बाकी मी गप.

परभणीकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार, नळदुर्गवाले भाऊ तुमचं वाचून जरा वेळ मोबाइल बाजूला ठेवला. मित्राला सांगितलं, तेरा महिने आम्ही सातवा रुपया देत होतो. त्याला काय कळलं माहीत नाही, पण पुढच्या वर्षी येतो म्हणलाय झेंडावंदनाला.

दप्तर काका, आमच्या आजाच्या पेटीत एक उर्दूतला कागद निघालाय, शिक्का आहे, वाचता कुणालाच येईना. कुणबी नोंदीचं सुरू झाल्यापासून चुलते मागं लागलेत की बघ काय आहे. एका कोपऱ्यात सालासारखा आकडा आहे, ओळखीच्या मौलवींनी तेवढा वाचून दिला, १३५६.

जुनं_दप्तर

तो फसली सन आहे, निझामाच्या महसुली कागदांवरचं साल. त्यात ५९० मिळवा. १९४६-४७ आलं, म्हणजे अ‍ॅक्शनच्या आधीचा कागद. लॅमिनेशन अजिबात करू नका, शाई उडती. पटवाऱ्याची सही खाली डाव्या बाजूला असंल, तिथला फोटो जवळून काढून पाठवा, सर्व्हे नंबर झाकून.