खिडकीच्या फिल्ममुळे मोबाइलची रेंज कमी होते का?

प्रश्न: उन्हाने तापणाऱ्या खोलीच्या तिन्ही खिडक्यांना आम्ही गेल्या महिन्यात आरशासारखी चमकणारी फिल्म लावून घेतली. उकाडा कमी झाला, पण तेव्हापासून फोनवर बोलताना आवाज तुटतो आणि खिडकी उघडली की तोच फोन नीट चालतो. वायफायवर मात्र काहीच परिणाम दिसत नाही. हा दोष फिल्मचाच समजावा का?

उत्तर 1: बहुधा फिल्मचाच. अशी चमक सहसा ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरामुळे येते आणि धातू वीजवाहक असल्याने रेडिओलहरींचा मोठा भाग त्यावरून परततो. मोबाइलचा सिग्नल बाहेरच्या टॉवरवरून येत असल्याने त्याला काच ओलांडावी लागते. राउटर घरातच असल्याने वायफायच्या वाटेत फिल्म येतच नाही.

उत्तर 2: खात्री करायची असेल तर फोनच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या दांड्यांवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबाने दाखवते. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची शक्ती डीबीएममध्ये (म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल), उणे आकड्यात दिसते; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. फोन एकाच स्टुलावर ठेवून खिडक्या उघड्या व बंद असताना प्रत्येकी पाच-सहा वेळा आकडा टिपा, कारण तो सतत थोडा हलत असतो. 10 डेसिबलची घट म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर येणे, 20 डेसिबलची म्हणजे शंभराव्या. मल्टिमीटरने धातू शोधण्याचा खटाटोप मात्र करू नका; धातूचा थर प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये असला तर सुई हलणारच नाही.

उत्तर 3: फिल्म बदलायची झाल्यास धातूविरहित सिरॅमिक फिल्म मागा. ऊन तीही चांगले अडवते आणि रेडिओलहरींना फारशी आडवी येत नाही. केवळ पारदर्शक दिसते म्हणून एखादी फिल्म धातूविरहित आहे, असे मात्र मानू नका. उष्णतारोधक काचांवरचा चांदीचा थर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, तरीही तो सिग्नल अडवतो. तोपर्यंत फोनमधील वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल राउटरमार्गे जाईल.

प्रश्नकर्ता: सांगितल्याप्रमाणे मोजले. खिडक्या उघड्या असताना आकडा उणे 88च्या आसपास होता, बंद असताना उणे 104. नंतर एकेक खिडकी उघडून पाहिली, तेव्हा जवळजवळ सगळा फरक पूर्वेच्या खिडकीने पडतो असे दिसले. त्यामुळे तेवढ्याच खिडकीची फिल्म बदलून घेत आहे; बाकीच्या दोन तशाच राहतील.