सर जॉन फ्रँकलिनचा १८४५ चा फोटो: माणूस आजारी आहे की मलाच तसं वाटतंय?

निशाचर७
आर्क्टिकमध्ये गायब झालेल्या इरेबस आणि टेरर या जहाजांवरची एक डॉक्युमेंटरी बघत होतो, त्यात मोहिमेच्या प्रमुखाचा, म्हणजे सर जॉन फ्रँकलिनचा फोटो दाखवला. डोक्यावर ती दोन टोकांची नेव्हीची टोपी, चेहरा सुजल्यासारखा, आणि हा माणूस नॉर्थवेस्ट पॅसेज (कॅनडाच्या उत्तरेकडून बर्फातून आशियाकडे जाणारा समुद्रमार्ग) शोधायला निघालाय की दवाखान्यात नंबर लावून बसलाय तेच कळेना. १८४५ ला असे फोटो निघायचे का खरंच, की नंतर कुणी चित्रावरून केलंय? आणि एवढं दिसत असताना याला पाठवलं कसं? मला तर पुढचं सगळं त्या चेहऱ्यावरच दिसतंय.

जुना_कॅमेरा
फोटो खराच आहे. डॅगेरोटाइप म्हणतात त्याला, १८३९ ला पॅरिसमध्ये जाहीर झालेलं तंत्र. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, तो आरशासारखा घासायचा, आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून एक्स्पोजर, मग गरम पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटतं. निगेटिव्ह हा प्रकारच नाही, त्यामुळे दुसरी कॉपी हवी असेल तर माणसाला परत बसवा नाहीतर त्या प्लेटचाच फोटो काढा.
इंग्लंडमध्ये रिचर्ड बिअर्डने १८४१ ला लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर पहिला पब्लिक स्टुडिओ काढला. फ्रँकलिनच्या बायकोने, लेडी जेनने, त्याच्याच माणसाकडून हे फोटो काढून घेतले, तेही स्टुडिओत नाही तर लंडनजवळ थेम्स नदीवरच्या ग्रीनहाइदला उभ्या असलेल्या इरेबसच्या डेकवर, मे १८४५ मध्ये. एका फोटोत लेफ्टनंट ल व्हेस्काँटच्या मागे जहाजाचं चाक दिसतं.
चेहऱ्याबद्दल म्हणाल तर दोन गोष्टी. एक, फ्रँकलिनला त्या दिवसांत फ्लू झाला होता. दोन, या प्लेटला निळा रंग पटकन कळतो आणि लाल जवळपास कळतच नाही, म्हणजे लालसर, उन्हाने रापलेली कातडी काळपट येते, त्यामुळे धडधाकट खलाशीसुद्धा यात आजारी दिसतो.

निशाचर७
फ्लू!! आणि मी इथे माणसाचं भविष्य वाचतोय. पण वय तरी बघा की, साठीला टेकलेला.

रत्नागिरीकर
५९ वर्षांचा होता, आणि वयावरून तेव्हाही कुरकुर झालीच होती. पण रेकॉर्ड मोठा होता ना. १८१९ ते २२ च्या कॅनडातल्या मोहिमेत उपासमारीने अर्धी-अधिक माणसं गेली आणि उरलेल्यांनी बुटांचं चामडंसुद्धा खाल्लं, तर इंग्लंडात हा ‘बूट खाल्लेला माणूस’ म्हणून हिरो झाला! मग टास्मानियाचा, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डीमन्स लँडचा गव्हर्नर, तिथून राजकारण होऊन परत बोलावणं. मला वाटतं १८४५ ची मोहीम त्याला आणि त्याहून जास्त लेडी जेनला अब्रू परत मिळवायलाच हवी होती. फोटोसाठी खटपट तिनेच केली हे विसरू नका.

सांजवारा
फ्रँकलिनपेक्षा बाकीचे फोटो बघा हो, त्यात जास्त मजा आहे. लेफ्टनंट फेअरहोमने घरी लिहिलं होतं की स्वतःचा कोट आणायचा कंटाळा आला म्हणून कमांडर फिट्झजेम्सचा घालून बसलो, त्यामुळे फोटोत मी कमांडर दिसतोय, पुढे खरंच झालो की हाच चालेल. ज्याचा कोट घेतला त्या फिट्झजेम्सचं जबड्याचं हाड २०२४ मध्ये डीएनएवरून ओळखलं, त्यावर सुरीचे वार होते, म्हणजे मागे राहिलेल्यांनी भुकेपोटी काय केलं ते तुम्हीच समजा. १२९ माणसं गेली आणि एकही परत नाही. फ्रँकलिन स्वतः ११ जून १८४७ लाच गेला, पुढचा नरक त्याने बघितलाही नाही.

रत्नागिरीकर
आणि हे माणसाचं मांस खाण्याचं इन्यूइट लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, जॉन रे या शोधकाला १८५४ मध्येच सांगितलं होतं. त्याने कळवलं तर लंडनमध्ये त्यालाच झोडपलं, आमचे ऑफिसर असं करणं शक्य नाही म्हणे. शेवटी इरेबस २०१४ ला सापडलं तेही इन्यूइट सांगत आले होते त्याच भागात, आणि २०१६ ला टेररचा पत्ता एका इन्यूइट माणसाच्याच सांगण्यावरून लागला. ज्यांना सगळं माहीत होतं त्यांचा त्या काळातला एक फोटो तरी कुणी डॉक्युमेंटरीत दाखवतं का?

निशाचर७
हे तिथे दोन मिनिटांत उरकलं होतं. बरं, नेटवर याच फोटोची वेगवेगळी रूपं दिसतात, ओरिजिनल कुठलं?

जुना_कॅमेरा
रेघारेघांचं दिसतं ते इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने १८५१ ला या प्लेटांवरून छापलेलं एनग्रेव्हिंग, म्हणजे कोरून केलेलं चित्र. ओरिजिनलचे दोन सेट, एक केंब्रिजच्या स्कॉट पोलर इन्स्टिट्यूटमध्ये, दुसरा २०२३ ला लंडनमध्ये लिलावात आला होता. डॅगेरोटाइप साधारणपणे आरशातल्यासारखा उलटा येतो, तेव्हा कुठलीही कॉपी बघताना आधी कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघा, बऱ्याच जणांनी सरळ करून टाकलेत.