केमोनंतर ह्यांना पाणीही गिळवत नाही, मदत हवी आहे

गोदाकाठ:
शुक्रवारी ह्यांची दुसरी केमो झाली. कालपासून पाण्याचा घोट घेतला की घसा आवळतो म्हणतात. दोन घोट घेऊन पेला बाजूला ठेवतात. जेवण तर नाहीच. फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून मी पहाटेच सगळं करून फ्रीजमध्ये ठेवते आणि गारच देते. आंबील, दहीभात, पपई. तरी तेच. आज रविवार, ओपीडी बंद. काय देऊ? लवकर सांगा, घरात मी एकटीच आहे.

जाईजुई:
ताई, धीर धरा. माझ्या आईला ब्रेस्टसाठी केमो होती, ते लाल औषध. आम्ही तिला बर्फाचे खडे चघळायला द्यायचो, फार बरं वाटायचं तिला. ह्यांना बर्फ द्या, कुल्फी द्या. गार जेवढं जाईल तेवढं जाऊ दे.

उंबरठा:
कॅन्सर कुठला? औषध कुठलं? केमो म्हणजे काही एकच औषध नसतं. ताप आहे का?

वऱ्हाडकर:
गव्हांकुराचा रस सुरू करा, रोज सकाळी अर्धी वाटी. माझ्या भावाला आठवड्यात फरक पडला.

गोदाकाठ:
ताप नाही, आत्ताच पाहिला. आतड्याचा आहे, दिवाळीआधी ऑपरेशन झालं. औषधाचं नाव कशाला हवंय? डॉक्टरांनी द्यायचं ते दिलंय. मला फक्त खायला काय द्यायचं ते सांगा.

उंबरठा:
ताई, फाइल उघडा आणि सलाईनमधून काय दिलं ते लिहा. गोळ्या चालू आहेत का? बोटांना मुंग्या येतात का?

गोदाकाठ:
ऑक्झॅलिप्लॅटिन. गोळ्या कॅपेसिटाबिन, सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस. मुंग्यांचं तुम्हाला कसं कळलं? काल फ्रीजमधला तांब्या उचलला आणि करंट लागल्यासारखा सोडून दिला. मला वाटलं अशक्तपणा. फरशी पुसून वर बघते तर हे दोन्ही हात काखेत घालून उभे. एक शब्द बोलले नाहीत.

उंबरठा:
गार सगळं बंद करा. बर्फ, कुल्फी अजिबात नाही. माझ्या बायकोला हेच औषध होतं, आठ वेळा. ह्या औषधाने नसा गारव्याला फार हळव्या होतात. गार पाणी लागलं की घसा बंद झाल्यासारखा वाटतो. बंद होत नसतो, पण माणूस घाबरून पिणंच सोडतो. आमच्याकडे पाच-सहा दिवसांत ओसरायचं, पुढच्या सलाईनला परत यायचं, थंडीत जास्तच. पाणी कोमट करून थर्मासमध्ये ठेवा. फ्रीज तुम्हीच उघडा. तोंडही कोमट पाण्याने धुऊ दे. वास नको असेल तर मेतकूट-भात, मुगाचं कढण, फोडणी न घालता, कोमट.
पण हे वाचत बसण्याआधी फाइलवरच्या नंबरला फोन करा. श्वास खरंच अडकत असेल, ओठ-चेहरा सुजला असेल, अंगावर पित्त उठलं असेल तर फोनवरही थांबू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.

जाईजुई:
मी आईचा अनुभव लिहिला होता. तिला खरंच बरं वाटायचं.

उंबरठा:
तिचं औषध वेगळं होतं. म्हणूनच आधी नाव विचारत होतो.

वऱ्हाडकर:
मुंग्या म्हणजे जीवनसत्त्वांची कमतरता. बी कॉम्प्लेक्स आणि फॉलिक ॲसिडची गोळी द्या, मेडिकलमध्ये सहज मिळते.

खलबत्ता:
मी फार्मासिस्ट आहे. फॉलिक ॲसिड देऊ नका. कॅपेसिटाबिनसोबत ते घेतलं तर जुलाब, तोंड येणं उलट वाढू शकतं. गव्हांकुराचा कच्चा रसही नको. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्च्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ताई, कॅपेसिटाबिन जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. जेवण नाही म्हणता, मग गोळी कशावर जातेय? नेहमीपेक्षा चार जुलाब जास्त झाले तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन. आणि ताप १००.४ ला पोचला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

वऱ्हाडकर:
माझ्या भावाला फायदा झाला, तो मी डोळ्यांनी पाहिला.

खलबत्ता:
भावाला औषध कुठलं होतं?

वऱ्हाडकर:
ते मला माहीत नाही.

पायवाट:
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कागद दिले का? कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. आमची अर्धी धावपळ कागदांतच गेली.

गोदाकाठ:
पैशांचं मी विचारलं नव्हतं, पण उद्या चौकशी करते.
फोन लागला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी श्वासाचं, सुजेचं विचारलं. तसं काही नाही. मग पहिला प्रश्न, गार काही दिलंत का? मला रडूच आलं. पहाटे उठून मीच गार करून देत होते. आत्ता कोमट पाणी दिलं, अर्धा पेला गेलं, घसा आवळला नाही. गोळी काल रिकाम्या पोटीच गेली होती, तेही सांगितलं त्यांना.
आता एक सांगा. हे पहाटे पाचला फिरायला जातात. नाशिकची थंडी, ऐकत नाहीत. कसं थांबवू?

उंबरठा:
थांबवू नका, उन्हं आल्यावर पाठवा. लोकरी हातमोजे, नाकातोंडावर मफलर. आणि पुढच्या सलाईनआधी शर्टाची बटणं स्वतः लावता येतात का, ते शेजारी उभं राहून बघा. येत नसतील तर डॉक्टरांना तुम्ही सांगा, ते सांगणार नाहीत. डोस कमी करतील ह्या भीतीने माझी बायको गप्प राहिली. तिला अजून सुईत दोरा ओवता येत नाही.