पुणे ते गोवा, किनाऱ्याकिनाऱ्याने, दोघं एकाच बाईकवर: जमेल का?

घाटवेडा: माझं वय ५२, सौ.चं ४८. जानेवारीत पुण्याहून ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर आणि तिथून सागरी रस्त्याने जेट्ट्या ओलांडत गोवा, असा बेत आहे. गाडी साडेतीनशे सीसीची. मुक्काम तीन धरलेत: दापोली, गणपतीपुळे, मालवण. चौथ्या दिवशी गोवा. नकाशावर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास दिसतं, म्हणजे दिवसाला दीडशे-पावणेदोनशे. सौ. "बघू" म्हणतेय. जाऊन आलेल्यांनी सांगा.

लाल_माती: तीन मुक्कामांत होईल, पण कोकण दिसणार नाही. एवढंच असेल तर हायवेने जा की.

मागची_सीट: मी सांगते, कारण मी पूर्ण रस्ता मागे बसून केलाय. मागच्या जानेवारीत, आमच्या जुन्या युनिकॉर्नवर. मी ५४, हे ५८.

आमचाही बेत तुमच्यासारखाच होता. ह्यांनी वहीत रोजचे किलोमीटर लिहून ठेवलेले. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला-वेसवी जेट्टीवर पहिल्याच दिवशी वही बोंबलली. फेरीबोट नुकतीच सुटलेली, पुढची येईपर्यंत बसा. जेट्टीवर घाई करून काही होत नाही, नारळपाणी प्यायचं. सावित्री, मग दाभोळला वाशिष्ठी, मग तवसाळ-जयगडला शास्त्री, अशा तीन खाड्या बाईक फेरीत घालून ओलांडायच्या. त्यात अर्धा-अर्धा दिवस कुठे जातो कळत नाही.

दाभोळला आमची फजिती झाली. फेरीत चढायच्या उतारावर शेवाळ होतं. मी म्हटलं, मी उतरते. हे म्हणाले, "बस गं, दोन सेकंदांचं काम." मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी. लागलं काही नाही, पण ह्यांची कपड्यांची बॅग पाण्यात. फेरीवरचा पोरगा धावत आला, गाडी उभी केली आणि ह्यांना म्हणाला, "काका, काकूंना आदी उतरवायचं की हो!" पलीकडच्या धोपावेपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. गुहागरला लॉजच्या गच्चीत रात्रभर पँटी वाळत होत्या. त्यानंतर जेट्टी दिसली की मी आधी खाली आणि चालत फेरीत.

त्या रात्री ठरलं की कुठे थांबायचं ते मागच्याने ठरवायचं. पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. का, कुठे, आत्ताच कशाला, हे विचारायचं नाही. हेल्मेटमधून ओरडून निम्मं भांडण होतं, ते वाचलं. पुढच्याला हँडल धरून थकवा कळत नाही हो. मागच्याला कंबर, गुडघे, मान सगळं कळत असतं, आणि वर तोंडदेखलं "ठीक आहे" म्हणायची सवय.

आणखी एक. गाडी चालवणाऱ्याला कोकण दिसतच नाही. खड्डे, वळणावरची बारीक खडी आणि समोरून येणारी एसटी, एवढंच दिसतं. आरे-वारेला मी दोन थापा मारल्या तेव्हा ह्यांना वाटलं टायर बसला! खाली समुद्र, सुरूची बनं, सगळं ह्यांच्या उजव्या हाताला होतं आणि हे रस्त्याकडे बघत निघाले होते. पाऊण तास बसलो तिथे. पावसच्या पुढे आंब्याच्या मोहोराचा वास मात्र दोघांनाही आला, त्याला थाप लागली नाही.

आम्हाला गोव्याच्या हद्दीवरचं तेरेखोल गाठायला सात दिवस लागले. मीटरवर ७१२ किलोमीटर. विजयदुर्ग आणि वेंगुर्ला हे मुक्काम बेतात नव्हतेच.

आणि हो, उतरताना डावीकडूनच उतरायला सांगा वहिनींना. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायच्या नादात मी उजवीकडून उतरले. पोटरीवर सायलेन्सरचा रुपयाएवढा डाग अजून आहे.

चेनस्प्रॉकेट: ताईंच्या सांगण्यात गाडीबद्दल थोडी भर. खाऱ्या हवेने चेन दोन दिवसांत लाल पडते, म्हणून चेनचं वंगण (ल्यूब) बरोबर ठेवा आणि रोज संध्याकाळी मारा. पुळणीवर गाडी नेऊ नका. नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. डबलसीट आणि सामान असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या पोराला विचारू नका. आणि टाकी अर्धी झाली की भरून घ्या, आतल्या रस्त्यांवर पंप लांब लांब आहेत.

घाटवेडा: मागची सीट ताई, तुमचं सगळं सौ.ला वाचून दाखवलं. दाभोळला ती इतकी हसली की चहा सांडला. आता सात मुक्काम धरतो. तिचा एकच प्रश्न आहे: सीटवर काही टाकलं होतं का?

मागची_सीट: टाकलं होतं. गादीवाल्याकडून सीटच्या मापाचा दीड इंची फोम कापून घेतला, वर जाड सुती खोळ आणि चार नाड्या. रेक्झिन लावू नका, घामाने घसरतं. नाड्या सीटखालून ओढून घट्ट बांधा, नाहीतर घाटात गादी एकीकडे आणि वहिनी दुसरीकडे.

खोळी दोन शिवा. एक रोज ओली असते.